माहीत असलेली तार

हेलिकॉप्टर म्हटलं की तुम्हांला मंत्र्यांचे दौरे नाहीतर पुरातून केलेली सुटका आठवत असेल. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका अशा देशांत हेलिकॉप्टर पिकांवर औषधही फवारतं. बरोबर औषधाची टाकी आणि दोन्ही अंगांना फवारणीच्या लांब नळ्या! पंख्याचा वारा खाली इतक्या जोरात येतो की पानं हलतात, उलटतात आणि औषध त्यांच्या खालच्या बाजूलाही पोचतं. बऱ्याच किडी तिथंच तर लपतात.

औषध वाऱ्याबरोबर भलतीकडे जाऊ नये म्हणून वैमानिक पिकाच्या शेंड्यांवरून अवघ्या काही मीटरवरून उडतो. उंचावर इंजिन बंद पडलं, तर हवेच्या जोरावर पंखा फिरता ठेवून कुशल वैमानिक सुखरूप उतरू शकतो. इथं विचार करायलासुद्धा उसंत नसते. त्यातून विजेच्या तारा वाटेत!

आता गंमत नव्हे, पण नवल ऐका. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०११ साली एक अहवाल काढला. २००१ ते २०१० या काळात तिथं विमानं आणि हेलिकॉप्टरं तारांना धडकून १८० अपघात झाले. त्यांतले १०० शेतीच्या उड्डाणांतले. आणि धडकलेल्या वैमानिकांपैकी ६३ टक्के जणांना ती तार तिथं आहे हे आधीच ठाऊक होतं!

मग धडकले कसे? अहो, एकच माणूस वारा बघतो, टाकी बघतो, पुढची ओळ धरतो, वळण घेतो. मध्येच काही वेगळं निघालं की तार मनातून निसटते. वर जुनी, मळकी तार मागच्या झाडीत मिसळून जाते. पतंग कटल्यावर मांजा शोधून पाहा, म्हणजे कळेल.

काही हेलिकॉप्टरांना तार कापणारी पोलादी पाती बसवतात, एक छतावर, एक पोटाखाली. पण तार समोरून आली आणि वेग पुरेसा असला तरच ती कापली जाते. शेपटीच्या पंख्याला तार लागली, तर पात्यांचा काही उपयोग नाही.

म्हणून जाणते वैमानिक फवारणीआधी शेताभोवती उंचावरून फेरी मारतात. नजर तारेवर नाही, खांबांवर! खांब दिसला की त्याचा जोडीदार शोधायचा. आणि रानात एकटंच घर किंवा पंपाची खोली दिसली, की तिथं वीज कुठल्या बाजूनं आली, हे आधी हुडकायचं.