चालढकलीच्या मुळाशी असलेली भीती

लेखन, चित्रकला, संगीत अशा सर्जनशील कामांतली चालढकल बहुतेक वेळा आळसातून येत नाही. आळशी माणसाला काम नकोच असते. चालढकल करणाऱ्याला ते मनापासून हवे असते आणि ते न केल्याची टोचणी त्याला दिवसभर लागून राहते. कादंबरीचे पहिले पान लिहायला बसलेला माणूस एकाएकी कपाट आवरायला घेतो, संदर्भाची आणखी दोन पुस्तके मागवतो, जुन्या पत्रांना उत्तरे लिहितो. एरवी अंगावर येणारी कामेही त्या वेळी सोपी वाटतात.

याचे कारण सर्जनशील कामाच्या स्वरूपात आहे. हिशेब चुकला तर चूक शोधून दुरुस्त करता येते. कविता फसली तर मात्र ‘आपल्यातच काही नाही’ असे वाटू लागते, कारण तिथे कृती आणि कर्ता यांच्यात अंतर उरत नाही. लोक काय म्हणतील ही धास्ती असतेच. शिवाय मनात दिसलेले चित्र कागदावर तसे उतरणार नाही, ही भीती असते. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्गलास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की अपयशाच्या शंकेने माणूस स्वतःच स्वतःच्या वाटेत अडथळा उभा करतो. ‘वेळच मिळाला नाही’ हे म्हणणे ‘जमले नाही’ म्हणण्यापेक्षा कमी झोंबते.

फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडल्याप्रमाणे, चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याचा प्रश्न आहे. काम पुढे ढकलताच मनावरचा ताण हलका होतो. ही सुटका लगेच मिळत असल्यामुळे मन पुढच्या खेपेला तोच मार्ग धरते. काम तसेच राहते, मुदत जवळ येते आणि भीती वाढते. म्हणूनच नुसते वेळापत्रक भिंतीवर लावून हा फेरा तुटत नाही.

रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनॉव्ह यांचे उदाहरण इथे बोलके आहे. १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांच्या पहिल्या सिंफनीचा प्रयोग पडला आणि समीक्षकांनी तिच्यावर कठोर टीका केली. त्यानंतर सुमारे तीन वर्षे त्यांच्या हातून जवळजवळ काहीच नवे लिहून झाले नाही. १९०० मध्ये डॉ. निकोलाय डाल यांनी त्यांच्यावर संमोहन आणि संवादाच्या मार्गाने उपचार केले. पुढे त्यांनी दुसरा पियानो कॉन्चेर्तो रचला, तो दुसऱ्या आणि तिसऱ्या भागापासून. पहिला भाग सर्वांत शेवटी झाला. १९०१ मध्ये पूर्ण झालेली ही रचना त्यांनी डॉ. डाल यांनाच अर्पण केली. जिथून सुचते तिथून सुरुवात करता येते, आरंभापासूनच आरंभ करण्याचे बंधन नसते, हेही या रचनेच्या इतिहासातून दिसते.

रोजच्या व्यवहारात उपयोगी पडणारा पहिला उपाय म्हणजे ठरलेली बैठक. इंग्लिश कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करत आणि पहाटे साडेपाचला लिहायला बसत. घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. नवख्याने हे प्रमाण गाठण्याची गरज नाही. वीस मिनिटांची रोजची बैठकही पुरते. मात्र बैठकीची वेळ आणि जागा आधी नक्की हवी. ‘सकाळचा चहा झाला की टेबलाशी बसायचे’ असा नेमका संकल्प मोघम इच्छेपेक्षा अधिक पाळला जातो, हे पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून दिसले आहे.

दुसरा उपाय म्हणजे निर्मिती आणि पारख यांच्या वेळा वेगळ्या ठेवणे. कच्चा खर्डा कच्चाच असू द्यावा. प्रत्येक वाक्य लिहिता लिहिता तपासले, की लिहिणारा हात आखडतो. काटछाट दुसऱ्या दिवशी करावी.

तिसरा उपाय बाहेरच्या मुदतीचा. स्वतः घातलेल्या मुदतीचा उपयोग होतो, पण दुसऱ्याने घातलेली मुदत अधिक परिणामकारक ठरते, असे डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांच्या २००२ च्या अभ्यासात आढळले. मराठीत १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेने लेखकांना दरवर्षी अशी मुदत दिली आहे. संपादक नसेल, तर ठरल्या दिवशी खर्डा मागणारा एखादा मित्रही हे काम करतो.

एखादा दिवस वाया गेला, तर स्वतःला दूषणे देऊ नयेत. परीक्षेच्या अभ्यासातली चालढकल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली, असे २०१० मधील एका अभ्यासात दिसले. मात्र उदासी आठवडेच्या आठवडे टिकत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

भीती पूर्ण गेल्यावर काम सुरू करू, असे म्हणणाऱ्याचे काम सुरू होत नाही. जॉन स्टाइनबेक यांनी १९३८ मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहिताना रोजनिशी ठेवली होती आणि तिच्यात स्वतःच्या कुवतीविषयीच्या शंका वारंवार नोंदवल्या आहेत. त्या शंका सोबत घेऊनच त्यांनी काही महिन्यांत ती कादंबरी पूर्ण केली, आणि १९४० मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.