पाइप मोठा, म्हणजे दम मोठा?

जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला पाइपविषयी काही सांगायला जाणं म्हणजे शेतकऱ्याला नांगर धरायला शिकवण्यासारखं आहे. आमच्या फैजपूर, सावदा, रावेर भागात केळीला ठिबक करायचं म्हटलं, की शाळेतला मुलगाही सांगतो, इथे 63 चा टाका, तिथे 75 चा टाका, लॅटरल 16 ची घ्या. पाइप बारीक पडला तर शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही, हे ज्ञान इथे पुस्तकातून येत नाही, वाळलेल्या केळीकडे पाहून येतं. म्हणूनच मोटारीच्या धुराच्या पाइपाचा प्रश्न आला, की आपल्याकडचा हुशार माणूस हमखास एकच उत्तर देतो : मोठा टाका. आज मला या उत्तराविषयी बोलायचं आहे.

सरकारी आयटीआयमध्ये मी मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो. माझा एक जुना विद्यार्थी आता केळीची बागायत करतो. त्याने काही काळापूर्वी एक जुनी कॉन्टेसा घेतली. तरुण वाचकांसाठी सांगतो, ही हिंदुस्थान मोटर्सची गाडी. 1984 साली आली आणि 2002 साली बंद झाली. मूळ घडण इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची, बनत असे बंगालमधल्या उत्तरपाड्याला. लांब बोनेट, रुंद नाक, बसकी चाल. अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणतात त्यांची आठवण यावी असा तिचा रुबाब, त्यामुळे हौशी मंडळी तिला 'भारताची मसल कार' म्हणतात. दिसण्यापुरतं ते खरं आहे. पोटात मात्र सुरुवातीला अॅम्बेसेडरचंच 1489 सीसीचं, जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, त्याची ताकद सुमारे 88 हॉर्सपॉवर. विद्यार्थ्याची गाडी ही दुसऱ्या जातीची.

तिचा धुराचा पाइप पार सडलेला होता, सायलेन्सर आधीच कुणीतरी बदललेला. मूळ माप काय होतं हे पाहायला जागाच उरली नव्हती. तो म्हणाला, "सर, अडीच इंची टाकू या. ठिबकच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं ना, पाइप वाढवला की लॉस कमी!"

आता त्याचं म्हणणं चूक नव्हतं. दोनऐवजी अडीच इंची पाइप घेतला, की आतलं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं आणि तेवढंच पाणी वाहून नेताना घर्षणाने वाया जाणारा दाब साधारण एक तृतीयांशावर येतो. पाण्याच्या बाबतीत मोठ्या पाइपाचा तोटा एकच, पैसे जास्त जातात. पण विहिरीवरचा पंप सलग पाणी ढकलतो. इंजिन तसं नाही. ते धूर हप्त्याहप्त्याने फेकतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला, की दाबाचा एक ठोसा पाइपात शिरतो. मग थोडी सवड, मग दुसऱ्या सिलिंडरचा ठोसा. तापलेल्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला 500 मीटरहून जास्त असतो, त्या वेगाने हा ठोसा पुढे धावतो. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा उघड्यावर संपतो, तिथून त्याचा उलटा पडसाद परत इंजिनाकडे येतो. तो दाबाचा नसतो, ओढीचा असतो. ही ओढ नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ती खेचून काढते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. बाहेर जाणाऱ्या वायूलाही स्वतःचा वेग असतो. तो जोरात धावत असेल तर आपल्यामागे थोडं ओढून नेतो, भरधाव एस्टीमागे पाचोळा धावतो तसा.

म्हणजे पाइप फार बारीक झाला तर वायू तुंबतो आणि फार रुंद झाला तर तो रेंगाळतो, थंड होतो, ओढ कमी पडते. ही रेंगाळ कमी आरपीएमवर जास्त जाणवते, आणि आपली गाडी बहुतेक वेळ चालते ती तिथेच.

इथे एक गैरसमज दूर करतो. गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं, 'इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच.' लागत नाही. मागून येणारा दाब इंजिनाला कधीच उपयोगी पडत नाही, पिस्टनला तो ढकलत बसावा लागतो. उपयोगी पडतो तो वेग. बारीक पाइप टाकल्यावर खालची ओढ सुधारली, तर श्रेय वेगाचं असतं, पण नाव दाबाचं होतं. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा परिणाम सर्वांत जास्त असतो तो इंजिनाला चिकटलेल्या पहिल्या एक-दोन फुटांत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र नळीत. तिथला बिडाचा मॅनिफोल्ड तोच ठेवून मागचा पाइप कितीही फुगवला, तरी फार मोठा फायदाही होत नाही आणि फार मोठं नुकसानही नाही. बदलतो तो आवाज. तो मात्र भरपूर बदलतो.

मग माप काढायचं कसं? अमेरिकेतल्या गाड्या तयार करणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला 2.2 घनफूट हवेची सोय लागते आणि सरळ, मोकळ्या पाइपाचा एक चौरस इंच मिनिटाला सुमारे 115 घनफूट वाहून नेतो. आम्ही कागद घेऊन बसलो. 88 गुणिले 2.2 म्हणजे जवळजवळ 194. भागिले 115, म्हणजे 1.68 चौरस इंच. एवढ्या क्षेत्रफळाला आतला व्यास दीड इंचही पुरतो. वळणं आणि सायलेन्सर धरून थोडं वाढवलं तरी बाहेरून पावणेदोन इंची पाइप भागवतो, दोन इंचीत तर सढळ जागा राहते. आणि अडीच इंची? 16 गेजच्या अडीच इंची पाइपात हा हिशेब उलटा केला, तर तो सुमारे 230 हॉर्सपॉवरला पुरेल. त्यात वायूचा वेग पावणेदोन इंचीच्या निम्म्याहूनही कमी.

तुलनेसाठी खरी मसल कार घ्या. 1964 सालची पॉन्टिअॅक जीटीओ, आठ सिलिंडर, 389 घनइंच म्हणजे सुमारे 6.4 लिटर, कंपनीच्या आकड्याप्रमाणे 325 हॉर्सपॉवर. तिला हाच हिशेब लावला तर सहा चौरस इंचांहून जास्त जागा लागते, म्हणून तिथे दोन-सव्वादोन इंची दोन पाइप शोभतात. चित्रात पाहून ते आपल्या गाडीला लावणं म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला धरणाचा पाइप जोडणं. (अमेरिकेतले ते जुने आकडे इंजिन बाकावर मोकळं चालवून घेतलेले असत. 1972 पासून पद्धत बदलली आणि तेच आकडे एकदम खाली आले, हेही लक्षात ठेवावं.)

हा ठोकताळा एका सिलिंडरच्या गाडीला मात्र लावू नका. बुलेट 350 चं जुनं बिडाचं इंजिन 18 हॉर्सपॉवरचं. तिचा पाइप या हिशेबाने बोटाएवढा निघेल. कारण तिथे चार स्ट्रोकांतला एकच धूर सोडतो, सगळा माल एकाच धक्क्यात जातो, मग शांतता. आणि येझदी, राजदूत, आरएक्स 100 यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत तर पाइप हा इंजिनाचाच अवयव असतो. तिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाही. बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलण्याचं काम पाइपातला पडसाद करतो. पाइपाला पोट देऊन हे शास्त्र पक्कं केलं ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी, 1950 च्या दशकात. 1961 साली त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि ते ज्ञान जपानच्या सुझुकीकडे गेलं. एका सायलेन्सरपायी केवढं राजकारण! अशा गाडीचा पाइप कापून 'मोकळा' करणारा माणूस तिचा दम आपल्या हाताने घालवतो.

कॉन्टेसाकडे परत येऊ. दोन इंच ठरलं. मग खरी अडचण आली ती बाजारात. आपल्याकडे दोन इंची म्हटलं, की दुकानदार पाण्याचा जीआय पाइप काढून देतो. दोन्ही मापं वेगळी आहेत. पाण्याच्या पाइपाचं माप साधारण आतल्या पोकळीवरून ठरतं, त्यामुळे दोन इंची जीआय बाहेरून 60 मिलिमीटर भरतो. मोटारीचा पाइप बाहेरून मोजतात, दोन इंच म्हणजे पावणेएक्कावन्न मिलिमीटर. शिवाय मध्यम जाडीचा जीआय मीटरला सुमारे पाच किलो, तर 16 गेजचा मोटारीचा पाइप दोन किलोंच्या आत. तीन मीटरला नऊ किलोंचा फरक, तोही रबराच्या लटकणांवर. पण वजन ही किरकोळ बाब. जीआयवर जस्ताचा थर असतो. त्याला वेल्डिंग केलं, की पांढरा धूर उठतो आणि तो छातीत गेलेल्या वेल्डरला त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. बंद शेडमध्ये असं काम करून घेऊ नका, दुसऱ्याच्या जिवावर आपली हौस नको. साधा एमएसचा पाइप घ्या, जमलं तर स्टेनलेस.

वळणांकडेही लक्ष हवं. साध्या बेंडिंग यंत्रावर पाइप वाकवला, की कोपर चपटं होतं आणि दोन इंचाचा तिथे दीड इंच होऊन बसतो. आमच्याकडचे जुने कारागीर कोरडी वाळू ठासून, तापवून पाइप वाकवतात. वेळ लागतो, पण पोकळी गोल राहते. गोल वळणाचा दोन इंची पाइप चपट्या वळणाच्या अडीच इंचीपेक्षा केव्हाही बरा.

सायलेन्सर आम्ही आतून सरळ जाळीदार नळी असलेला, भोवती काचलोकर भरलेला घेतला. तुंबणं कमी होतं आणि आवाजही दबतो. पूर्ण रिकामा पाइप टाकणं कायद्यात बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच, आणि आवाजाची मर्यादा मोडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजार रुपयांपर्यंत किंवा तीन महिने कैद, दोन्हीही होऊ शकतात. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे फटफटे सायलेन्सर ढिगाने रोडरोलरखाली घातले आहेत. दवाखान्यासमोरून रात्री बुलेट फटाके वाजवत जाते तेव्हा आतल्या बाळंतिणीचं काय होतं, हे मी इथे रेडिओवर आवाज काढून दाखवू शकत नाही. आपण सारे ते ऐकतोच.

गाडी तयार झाल्यावर आम्ही ती सातपुड्यात पालच्या घाटात नेली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती कुरकुर न करता चढली, आणि मागे बसलेल्या त्याच्या वडिलांना, अण्णांना, बोलताना आवाज चढवावा लागला नाही. कार्ब्युरेटर मात्र पुन्हा लावून घ्यावा लागला. पाइप मोकळा झाला, की मिश्रण पातळ पडू शकतं, व्हॉल्व्ह तापतात. नुसता पाइप बदलून गाडी घरी नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. जोड सैल राहिला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, माणसाला वाटतं उन्हाचा त्रास झाला. आपल्याकडे मे महिन्यात काचा लावून एसी सुरू असतो, त्यामुळे धोका वाढतो. जुन्या गाड्यांच्या डिकीचा पत्रा गंजलेला असतो, तिथूनही धूर आत ओढला जातो. म्हणून पाइपाचं तोंड बंपरच्या बाहेर आलंच पाहिजे. पाइप पेट्रोलच्या नळीपासून निदान दीड इंच दूर ठेवा. गळका जोड बाहेरची हवाही आत घेतो, त्यामुळे पीयूसीचा आकडा खोटाच चांगला येतो, त्यावर विसंबू नका. तपासायचं असेल तर गाडी उघड्यावर आणा, थंड इंजिन सुरू करा, हातमोजा घालून मागच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबा आणि दुसऱ्याला बाजूने जोडांपाशी कान द्यायला सांगा. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे खडूने खूण करा. इंजिन आपसूक गुदमरून बंद पडू लागलं, तर समजा सगळे जोड घट्ट आहेत. फडकं लगेच काढा.