बोल्टच्या तोंडाशी

महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतीनंतर .303 रायफली साफ करण्याचे काम आम्हा विद्यार्थ्यांकडे येई. मूठ वर उचलून बोल्ट मागे ओढावा, त्याचे डोके फिरवून तो घरातून बाहेर काढावा आणि चिंधीने पुसावा, असा क्रम असे. त्या वेळी त्याच्या सपाट तोंडावरचे मधले बारीक छिद्र आणि कडेचा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, ठळकपणे नजरेत भरत. या यंत्ररचनेचा पूर्वेतिहास पुढे अभ्यासला तेव्हा उमगले, की नेमक्या याच जागेशी युरोपातील कारागीर कित्येक वर्षे झगडत होते; कारण बंदूक मागून भरण्यापेक्षा, मागून भरलेल्या बंदुकीतला जाळ मागे फुटू न देणे कितीतरी अवघड होते.

थुरिंजियातील झ्योमेर्डा गावच्या एका कुलूपकाराचा मुलगा योहान निकोलाउस ड्रायझे पॅरिसमध्ये पॉली या स्विस बंदूककाराकडे काम करून मायदेशी परतला आणि 1836 च्या सुमारास त्याने मागून भरण्याची ‘सुईची बंदूक’ सिद्ध केली. प्रशियाने ती स्वीकारली, परंतु गुपित फुटू नये म्हणून सरकारी दप्तरात तिची नोंद ‘हलकी केपाची बंदूक, 1841’ अशीच ठेवली. दाराच्या अडसरासारखा तिचा बोल्ट फिरवून मागे घ्यावा, कागदी काडतूस आत सारावे, बोल्ट पुढे ढकलून बंद करावा, आणि चाप ओढताच लांब सुईने काडतुसाचे बूड भेदून, सारी दारू ओलांडून, गोळीमागच्या कागदी बुचात बसवलेल्या स्फोटकावर आघात करावा, अशी तिची करणी होती. दारू पेटे तेव्हा सुई ज्वालेतच असे. म्हणून ती गंजे, ठिसूळ होऊन मोडे, आणि शिपायाला जादा सुया जवळ बाळगाव्या लागत. शिवाय बोल्टचे पोकळ तोंड नळीच्या निमुळत्या टोकावर जे बसे, ते लोखंडावर लोखंड. त्यांतील फटीतून धूर व जाळ शिपायाच्या चेहऱ्याकडे झेपावत.

तरीही 3 जुलै 1866 रोजी कोनिग्राट्झच्या रणांगणावर ऑस्ट्रियाचे पायदळ ठासणीच्या बंदुकांत गज घालीत उभे असता प्रशियाचे शिपाई आडवे पडून बार भरू शकत होते; या एका फरकाने किती तरुण देह मातीस मिळाले, हे मनाआड करून त्या कारागिरीचे कौतुक करणे मला जमत नाही. त्याच वर्षी फ्रान्सने शास्पो बंदूक स्वीकारली. तिच्या बोल्टवर रबराचे कडे होते. दाबाने ते फुगून फट बुजवी, पण उष्णतेने लवकरच निकामी होई.

खरा तोडगा बोल्टमध्ये सापडलाच नाही. तो सापडला काडतुसात. पितळी नळकांडे स्फोटाच्या दाबाने फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, वायू कोंडते आणि दाब ओसरताच पुन्हा आकसते. बोल्टला आता जाळ अडवायचा नव्हता, केवळ पाठीशी भक्कम उभे राहायचे होते. स्फोटकाची केप काडतुसाच्या बुडाशी आल्याने लांब सुईऐवजी आखूड, जाड खिळा पुरेसा झाला. रिकामे नळकांडे बाहेर ओढण्यासाठी मात्र आकडा अपरिहार्य ठरला. ओबेर्नडोर्फच्या माउझर बंधूंच्या 1871 च्या रायफलीत ही सारी व्यवस्था एकत्र दिसते, आणि 1874 मध्ये फ्रेंच अधिकारी ग्रा याने शास्पोलाही पितळी काडतुसाच्या सोयीची करून घेतले. पुढे जेम्स पॅरिस ली याने बोल्टखाली काडतुसांची पेटी बसवली, तीही याच बळावर: पेटीतून वर येणारे काडतूस पुढे सरकणाऱ्या बोल्टचा धक्का खाऊन नळीत शिरते, आणि तो धक्का कागदाला सोसला नसता.