बर्फाचे घर आणि हवेची वाट

वाचक हो, बर्फात घर करून झोपण्याचा विषय या पानावर कशासाठी, असे आपल्याला वाटेल. आमचे जांभूळ हे बारवी धरणाचे पाणी शुद्ध करून पुढे पाठवणारे गाव. एका अंगाला बदलापूर, दुसऱ्या अंगाला अंबरनाथ आणि उल्हासनगर. इथे बर्फ म्हणजे मासळीबाजारातली लादी, नाहीतर पोरांच्या हातातला रंगीत गोळा. थंडी फार पडली तर स्वेटर आणि कानटोपी, एवढाच आपला हिवाळा.

परंतु याच रस्त्यांवर रोज पहाटे आपली मुले भरतीसाठी धावतात. संध्याकाळी कामावरून आल्यावर आम्ही त्यांचे अर्ज भरून देतो, दाखले तपासतो. मुलगा सैन्यात लागला की वस्तीत पेढे वाटले जातात. पुढे त्याची नेमणूक लडाखकडे झाली की त्याची आई आम्हाला एकच गोष्ट विचारते, "भाऊ, तिथं पोरगं झोपतं कुठं?" या प्रश्नाला "सरकार बघून घेतं" एवढे उत्तर पुरत नाही. म्हणून हा लेख.

आपला आणि बर्फाचा संबंध

हा संबंध आजचा नाही. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १९४६ मध्ये ही मशीनगन चालवणारी रेजिमेंट झाली. १९६२ च्या चीन युद्धात तिच्या मशीनगनच्या तुकड्या लडाखमध्ये होत्या. कोकण, देश, विदर्भ अशा उष्ण मुलुखातली ही माणसे. त्यांनी लडाखची थंडी अंगावर घेतली.

एप्रिल १९८४ पासून भारतीय सैन्य सियाचिन हिमनदीवर आहे. ही हिमनदी सुमारे ७६ किलोमीटर लांब. काही चौक्या १८ ते २१ हजार फुटांवर आहेत. हिवाळ्यात पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी, विरळ हवा आणि हिमकडे यांनी अधिक जवान नेले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील अग्निवीर अक्षय गवते यांनी सियाचिनवरच कर्तव्य बजावताना प्राण दिला.

सोनम चौकीच्या दहा जवानांपैकी धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी, कित्येक फूट बर्फाखाली जिवंत सापडले. ढिगाऱ्याखाली त्यांच्याभोवती हवेची पोकळी उरली होती. पुढे ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. देशभर लोकांनी याला चमत्कार म्हटले. आपण कारण शोधणारी माणसे. ज्या बर्फाने नऊ जणांचा जीव तत्काळ घेतला, त्याच बर्फाखाली एक माणूस इतके दिवस टिकतो कसा?

हिम म्हणजे वाकळच

आपल्या घरातली वाकळ किंवा कापसाची गादी आठवा. कापूस दबला की ऊब जाते. पिंजाऱ्याने तोच कापूस पिंजून दिला की पुन्हा ऊब येते. कापूस तेवढाच असतो, वाढते ती त्यात कोंडलेली हवा. जागच्या जागी अडकून राहिलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

लादीचा बर्फ घट्ट असतो, पण आकाशातून पडणारे हिम भुसभुशीत असते. ताज्या हिमात दहा भागांतले नऊ भाग, कधी त्याहूनही जास्त, हवाच असते. त्यामुळे हिमाची जाड भिंत वाकळीसारखे काम करते. बाहेर उणे ३० अंश असले तरी नीट बांधलेल्या हिमघरात माणसे झोपलेली असताना पारा शून्याच्या थोडा खाली टिकतो. शिवाय तिथे वारा नसतो, आणि बर्फाळ मुलुखात निम्मा जीव वाराच घेतो. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक हिमाचे ठोकळे कापून घुमट रचत आले. त्यांच्या भाषेत 'इग्लू' या शब्दाचा अर्थ साधा आहे, घर.

घर कसे बांधतात

आज सियाचिनवर जवानांसाठी फायबरच्या झोपड्या आणि खास तंबू असतात. तरीही गस्तीवर असताना वादळाने गाठले तर हातातल्या फावड्याने निवारा करता आला पाहिजे. म्हणून बर्फात निवारा खणून रात्र काढणे हा उंच पहाडातील शिक्षणाचा भाग असतो. गुलमर्गला सैन्याची अशी शाळा १९४८ पासून आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. तिथे साध्या घरांतली मुलेमुलीही शिकू शकतात.

ज्याने बिगारी काम केले आहे त्याला ही रीत लगेच समजेल. प्रथम जागा पाहायची. वर हिमकडा लटकलेला असेल अशा उताराखाली कधीही नाही. मग फावड्याने हिमाचा पुरुषभर उंच, आठ-दहा फूट रुंद ढीग करायचा. लगेच खणायचे नाही. स्लॅब टाकल्यावर आपण थांबतो, तसे इथेही तास-दोन तास थांबायचे. तेवढ्यात हिमाचे कण एकमेकांना धरतात आणि ढीग घट्ट होतो. मग एकेक फूट लांबीच्या काटक्या बाहेरून आत सर्व बाजूंनी खोचायच्या. आतून पोकळी खणताना काटकीचे टोक दिसले की तिथे हात थांबवायचा, म्हणजे भिंत सगळीकडे सारखी जाड राहते. गवंड्याला ओळंबा, तशी इथे काटकी.

दार ठेवायचे खाली आणि झोपण्याचा ओटा वर. थंड हवा जड असते. ती खाली बसते आणि ओट्यावर ऊब राहते. छत आतून गुळगुळीत घुमटासारखे करायचे, म्हणजे वितळलेले पाणी अंगावर न ठिबकता भिंतीवरून ओघळते. आणि छतातून मूठभर रुंदीचे एक भोक आरपार पाडायचे. हे भोक बुजले तर बाकीची सारी मेहनत वाया जाते. रात्रभर बाहेर हिम पडत असते, म्हणून काठी आत ठेवून ते अधूनमधून मोकळे करावे लागते. फावडेही आतच ठेवायचे, कारण सकाळी दार खणून बाहेर यावे लागू शकते. बाहेर काठीला रंगीत फडके बांधायचे, म्हणजे शोधणाऱ्याला जागा सापडते.

झोपण्याचेही शास्त्र आहे. खणताना घाम येऊ द्यायचा नाही. ओले कपडे अंगातली उष्णता ओढून घेतात, म्हणून एक कोरडा जोड राखून ठेवायचा. अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूण महत्त्वाचे. बूट बाहेर ठेवले तर सकाळी दगड होतात. पोटात अन्न असावे. तहान लागली तर बर्फ खायचा नाही, वितळवून प्यायचा. आणि थंडीत दारूने ऊब येते हा समज खोटा आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, क्षणभर गरम वाटते आणि शरीराची उष्णता बाहेर निघून जाते. दारूने सैनिक ऊबदार राहतो, असे सांगणाऱ्याला हे ऐकवावे.

सहा माणसे, एक भुयार

१९१२ ची गोष्ट आहे. इंग्रज कप्तान स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतली सहा माणसे किनाऱ्यावर काही आठवड्यांच्या कामासाठी उतरली. समुद्र गोठल्यामुळे जहाज त्यांना घ्यायला येऊ शकले नाही. अंगावर उन्हाळी कपडे, जवळ थोडीशी शिधा आणि समोर ध्रुवावरचा लांब हिवाळा. त्यांनी हिमाच्या ढिगात सुमारे बारा फूट लांब, नऊ फूट रुंद भुयार खणले. कोणालाही आत ताठ उभे राहता येत नव्हते. तळाला खडी आणि सुके समुद्रशेवाळ पसरले. सील आणि पेंग्विन मारून खाल्ले, सीलच्या चरबीवर चूल पेटवली.

त्यांत तीन अधिकारी होते आणि तीन साधे खलाशी. त्यांचा प्रमुख कॅम्पबेल याने टाचेने जमिनीवर रेषा ओढली. एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला खलाशी. पलीकडे बोललेले अलीकडच्यांनी ऐकले नाही असे मानायचे. रेषेचा अर्थ आपल्या लोकांना समजावून सांगायला नको! बारा फुटांच्या बिळातही ती माणसाची पाठ सोडत नाही. पण खाणे सहांना सारखे वाटले जाई, साखरेचे खडेसुद्धा मोजून.

एकदा भुयारातले दिवे मंद होत विझू लागले. बाहेर वादळाने हवेची वाट बुजवली होती. ती रेषेच्या एकाच बाजूला बुजली नव्हती. वेळीच लक्षात आले, वाट मोकळी केली आणि सहाही जण वाचले. सप्टेंबरअखेर ते निघाले आणि नोव्हेंबरात चालत तळावर पोचले.

आपल्या खोलीत

सैन्यात न जाणाऱ्यांसाठीही यात धडा आहे. थंडी वाढली की चाळीत आणि झोपडीत कोळशाची शेगडी आत घेऊन दार-खिडकी लावून झोपणारी कुटुंबे आहेत. बाळंतिणीच्या खोलीत तर हटकून. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. दिवा मंद होण्याची सूचनाही दर वेळी मिळत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही तसेच. महाराष्ट्रात अशा दुर्घटनांत माणसे गेली आहेत. त्यांना कोणाची नजर लागली नव्हती, कसली बाधा झाली नव्हती. हवेची वाट बंद होती, एवढेच.

म्हणून शेगडी झोपण्यापूर्वी बाहेर ठेवावी. न्हाणीघराला झरोका असावा आणि तो फडक्याने बुजवू नये. कोणी गुंगलेले दिसले तर आधी मोकळ्या हवेत न्यावे, मग थेट दवाखान्यात, आणि आत शेगडी किंवा गिझर चालू होता हे डॉक्टरांना सांगावे.

आणि त्या माउलीला आमचे उत्तर असे. ताई, तुमचा मुलगा शिकवलेल्या रीतीने झोपतो. तो आत झोपतो तेव्हा दुसऱ्या घरचा एक मुलगा बाहेर जागा असतो. पुढे तुमचा मुलगा जागतो आणि तो झोपतो. त्याचा फोन आला की "जेवलास का" असे विचारतोच आपण. त्यासोबत "हवेची वाट मोकळी ठेवतोस ना" असेही विचारा. आणि फोन ठेवल्यावर आपल्या खोलीचा झरोका एकदा पाहून या.