ना ओळख, ना भाडं, तरी रोजची लिफ्ट

वॉशिंग्टन डीसीच्या उपनगरांत कामाच्या दिवशी सकाळी एक भन्नाट प्रकार चालतो: स्लगिंग. व्हर्जिनियातल्या वुडब्रिजसारख्या ठिकाणी नोकरदार पार्किंगमध्ये रांग लावतात. गाडीवाला येतो, 'पेंटॅगॉन!' म्हणतो, रांगेतले पहिले दोघं बसतात आणि गाडी सुटते. एक पैसाही द्यायचा नाही.

मग गाडीवाल्याला काय मिळतं? मोकळा रस्ता! इथून वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या शर्ली हायवेवरच्या बससाठी राखीव मार्गिका १९७०च्या दशकात चार माणसं असलेल्या गाड्यांनाही खुल्या झाल्या. पुढे तीन पुरेशी ठरली. आता तिथे टोल आहे, पण तिघं असतील तर माफ.

मला सगळ्यात आवडतात ते यातले शिष्टाचार. गाडीवाल्याने विषय काढल्याशिवाय प्रवाशाने गप्पा मारायच्या नाहीत (आपल्या शेअर रिक्षात हे जमणं कठीणच). रांगेत एकटी बाई उरणार असेल, तर तिला मागे ठेवून निघायचं नाही.

जकार्तात मात्र गाडीत किमान तीन माणसं असण्याच्या सक्तीतून धंदा उभा राहिला. रस्त्याकडेचे 'जॉकी' पैसे घेऊन गाडीत बसत. काही बायका कडेवर बाळ घेऊनच उभ्या राहत, म्हणजे दोन डोकी मोजली जात. २०१६मध्ये तो नियमच रद्द झाला.