चाकांवरचे घर आणि किनाऱ्यावरचा शेजार

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर समुद्राला अगदी खेटून वसले आहे. मंदिराच्या पायथ्याशी लाटा येतात. ओहोटीला खडकांवर कोरलेली शिवलिंगे उघडी पडतात. महाशिवरात्रीच्या यात्रेला भाविकांची मोठी रीघ लागते आणि यात्रा सरली की गाव पुन्हा आपल्या मूळच्या शांततेत परतते. अशा एखाद्या निवांत संध्याकाळी समजा एक उंच, पेटीसारखी गाडी गावात शिरली. तिच्यात बिछाना आहे, स्वयंपाकाचा ओटा आहे, पाण्याची टाकी आहे, न्हाणीघर आहे; नाही ती केवळ सोबत. गाडी चालविणारा एकटाच आहे. अशा पाहुण्याला कोकणात पहिला प्रश्न ठरलेला असतो : “खंयसून इलात?” म्हणजे, कोठून आलात?

गाडी केवढ्याची, हा प्रश्न मागाहून येतो. आधी माणूस कुठला ते विचारले जाते. एकट्या प्रवाशाच्या सुरक्षिततेचा आणि समाधानाचा आरंभ या साध्या चौकशीत आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. निजण्याची, स्वयंपाकाची व प्रसाधनाची सोय असलेली फिरती वाहने आणि ती उभी करण्यासाठी पाणी, वीज व सांडपाण्याची व्यवस्था असलेले तळ, असे त्याचे दोन भाग आहेत. पाश्चात्त्य देशांत मोटारीमागे जोडून ओढायचे घर सर्रास दिसते. आपल्याकडे ते विरळाच. येथे बहुधा गाडीच्याच सांगाड्यावर घर बांधलेले असते. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्येच पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेला असल्याने या नव्या प्रकाराचे लक्ष तिकडे वळावे, हे स्वाभाविकच होय.

पेढीवरून उठल्यानंतर

व्यापारी घराण्यांना हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. पेढीवर बसणाऱ्याला उभ्या आयुष्यात सलग आठ दिवसांची रजा ठाऊक नसते. प्रवास झाला तो खरेदीसाठी, वसुलीसाठी, लग्नकार्यासाठी किंवा तीर्थयात्रेसाठी. साठी उलटते, गल्ल्याच्या किल्ल्या मुलाच्या हाती जातात. कित्येकांचा जोडीदारही तोवर निघून गेलेला असतो. घर माणसांनी भरलेले असते, सुना-नातवंडे मानाने वागवितात, परंतु “दुकानात आज काय झाले?” या प्रश्नाला कोणी पूर्ण उत्तर देत नाही. अशा वेळी वडिलांनी अथवा आईने “मी एकटीच फिरून येते” असे म्हटले, तर घरात प्रथम काळजी उमटते. जेवणाचे काय? वाटेत काही झाले तर? लोक काय म्हणतील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाडीपाशी आहे. चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते, पाणी गाळून उकळून प्यायचे असते, कंदमूळ वर्ज्य असते. किनाऱ्यावरील खाणावळींत बहुतेक चुलींवर मासे शिजतात. म्हणूनच आपल्या सहली निघतात तेव्हा महाराज आणि रसोड्याचे सामान बरोबर असते. एकट्याला एवढा लवाजमा परवडत नाही. चार हातांचा स्वतःचा ओटा मात्र त्याचे सर्व नियम सांभाळतो. गावातून तांदूळ, फणस, ओले काजू आणि हंगामात देवगडचा हापूस घेतला की जेवण साधे आणि चविष्ट होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही गाडीपाशी नाही. ते माणसांपाशीच शोधावे लागते.

एकट्यांचे मेळावे

हा अनुभव पाश्चात्त्यांनाही आला. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील माजी वैद्याने ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची घरगाडी बांधवून घेतली आणि इंग्लंडमधून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. केवळ हौसेखातर केलेल्या अशा भटकंतीचे ते आद्य उदाहरण मानले जाते. पुढे १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये अशा हौशी लोकांचा कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. भटकण्यासाठी घराबाहेर पडलेल्यांना लवकरच एकत्र यावेसे वाटले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत घरगाड्या बनविणारे वॉली बायम यांनी तर १९५९ साली केप टाउनहून कैरोकडे सुमारे चाळीस घरगाड्यांचा तांडाच नेला.

या प्रकाराला दुसरी, करुण बाजूही आहे. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकात आर्थिक मंदीनंतर घर गमावलेली, उतारवयात गाडीत राहून हंगामी मजुरी करणारी माणसे भेटतात. त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. ही माणसे हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात जमतात. गाडीची डागडुजी, काटकसर, रात्री कोठे थांबावे, हे एकमेकांना शिकवितात. अमेरिकेतील अनेक तळांवर एक यजमान स्वतःच्या घरगाडीत मुक्काम करून राहतो. जागा विनामूल्य मिळते, त्या बदल्यात तो तळाची देखरेख करतो आणि नवागताची विचारपूस करतो. एकट्या स्त्रीला तळावर धीर वाटतो तो बहुधा अशाच कोणामुळे.

आपल्या परंपरेत हे सारे नवे नाही. व्यापाऱ्यांच्या तांड्याला संस्कृतात ‘सार्थ’ म्हणत आणि त्याच्या प्रमुखाला ‘सार्थवाह’. आचार्य हेमचंद्रांनी ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवातील धन सार्थवाहाची कथा सांगितली आहे. निघण्यापूर्वी त्याने नगरात दवंडी पिटविली : ज्याला यायचे त्याने यावे, ज्याच्यापाशी भांडे नाही त्याला भांडे मिळेल, वाहन नाही त्याला वाहन मिळेल. पुढे पावसाने सार्थ अरण्यातच अडकला, शिधा संपत आला, आणि सोबत आलेल्या मुनींची आपण विचारपूस केली नाही, या जाणिवेने सार्थवाह व्यथित झाला. एकत्र चालणे पुरेसे नाही, मुक्कामी शेजाऱ्याची चौकशीही करावी लागते, असे ही कथा सांगते.

खळ्यातला मुक्काम

घाटमाथ्यावरून येणाऱ्यास निपाणी, राधानगरी, दाजीपूर असा रस्ता फोंडा घाटाने खाली उतरवून देवगडकडे नेतो. मुंबईकडून येणारा महामार्गावर नांदगाव तिठ्याला वळतो. गावात शिरल्यावर रुंद गाडीची परीक्षा सुरू होते. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांचे गडगे, मधून अरुंद वाट, वर आंब्याच्या झुकलेल्या फांद्या. तेव्हा आधी पायी जाऊन वाट पाहावी आणि मगच गाडी न्यावी, हे शहाणपणाचे.

कोकणातील घरापुढचे खळे पावसाळ्यानंतर चोपून, सारवून सज्ज केले जाते. घरगुती न्याहारी-निवासाची योजना या पट्ट्यात रुजलेली आहे. अशा घराला आधी विचारून, योग्य मोबदला ठरवून, त्याच्या आवारात एका कडेला गाडी उभी केली तर पाणी मिळते, रात्रीचा सोबती मिळतो आणि अडचणीत हाक मारायला माणूस मिळतो. तळ नसला तरी शेजार असतो. त्या शेजाराचे काही नियम आहेत. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, म्हणून पाणी मोजून वापरावे. सांडपाणी व मैला शेतात किंवा वहाळात कधीही सोडू नये. रात्री इंजिन चालू ठेवून गावाची झोप मोडू नये.

गाडी पुळणीवर तर नेऊच नये. या तालुक्यातील तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चाकाखाली ती घरटी चिरडतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर येणारी पिल्ले समुद्रावरच्या उजेडाकडे धाव घेतात. किनाऱ्यावर प्रखर दिवे असतील तर ती उलट दिशेला, मरणाकडे जातात. अहिंसा पाळणाऱ्याने आपल्या गाडीचा दिवा कोठे पडतो, एवढे तरी पाहिले पाहिजे.

दिवा आणि माणूस

कुणकेश्वरच्या मंदिराविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. एका परदेशी व्यापाऱ्याचे गलबत वादळात सापडले. काळोखात त्याला किनाऱ्यावर दिवा दिसला. वाचलो तर तेथे मंदिर उभारीन, असा त्याने नवस केला, तो तरला आणि शब्दाला जागला. परंतु परधर्माचे देऊळ बांधणाऱ्याला स्वकीय आता आपले म्हणणार नाहीत, हे उमगताच त्याने शिखरावरून उडी घेतली. त्याची म्हणून दाखविली जाणारी कबर मंदिराजवळ आहे. या आख्यायिकेत वादळ आहे, दिवा आहे, वचन पाळणारा सच्चा व्यापारीही आहे. त्याला “आमच्याकडे राहा” म्हणणारा मात्र कोणी नाही.

एकट्याने निघालेल्या आई-वडिलांच्या बाबतीत घरच्यांनी लक्ष द्यायचे ते येथे. गाडी किती आरामशीर आहे, याची चौकशी जरूर करावी. पण त्याआधी त्या रात्री त्यांच्या शेजारी कोण आहे, हे विचारावे. प्रवाशानेही दिवस असताना मुक्काम गाठावा, “खंयसून इलात?” या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर द्यावे आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून घरी एक फोन करावा. ज्या घराच्या खळ्यात गाडी उभी आहे त्या घराचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक मुलाला सांगावा. मग पेढी बंद करून घरी आलेला मुलगाही निर्धास्तपणे झोपू शकतो. सकाळी गाडी वळू लागली की त्याच घरातून बहुधा दुसरा प्रश्न येतो : “परत कधी येतलात?”