बुलेटची उलटी किक आणि बाबांचा कान

बर्मिंगहॅमजवळचं रेडिच हे एकेकाळी सुयांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. रॉयल एन्फिल्डची बुलेट मूळची इथली. १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली, १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला यायला लागली! तशीच एक जुनी ३५० सीसी गाडी मी गेल्या वर्षी इथे घेतली.

सांगलीला आमच्याकडे बुलेट होती. बाबा तिचं सगळं काम स्वतः करायचे आणि मी बॅटरी धरून उभा राहायचो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किक मारणं जमेना, तेव्हा त्यांनी ती विकून टाकली. मग आमचं फोनवरचं बोलणंही ‘जेवलास का’ आणि ‘थंडी किती आहे’ एवढ्यावरच आलं.

एका शनिवारी मी हौसेने नवे पॉइंट बसवले, टॅपेटही सेट केले. पहिल्याच किकला गाडीने अशी उलटी किक दिली की पोटरी सुजली. कशीबशी सुरू झाली, तर आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. वैतागून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही, फोन सरळ कानाला लावला.

"बंद कर आधी. टॅपेट कधी घेतलेस?"

"पिस्टन वर आला तेव्हा."

"अरे लेका, पिस्टन दोनदा वर येतो!"

एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. एक्झॉस्टला दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. तिथे टॅपेट सैल केले की कॉम्प्रेशनला भलतीच फट राहते आणि खडखडाट होतो. मी नेमकं तेच केलं होतं.

इंजिन थंड झाल्यावर बाबा सांगत गेले. प्लग काढायचा, टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढे फिरवायचं. इनलेटचा पुशरॉड वर जाऊन खाली बसला की त्यानंतर पिस्टन वर येतो तो कॉम्प्रेशनचा. तिथे दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली अजिबात हलता कामा नयेत.

मग उलट्या किकचं कारण. "आधी गॅप, मग टायमिंग," बाबा म्हणाले. पॉइंटचा गॅप हवा ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. माझा बराच जास्त निघाला. त्यामुळे पॉइंट लवकर उघडत होते, ठिणगी लवकर पडत होती आणि वर येणारा पिस्टन मध्येच मागे ढकलला जात होता.

गॅप नीट झाल्यावर पिस्टन टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे आणला. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढत राहायचं; तो सुटतो, तो पॉइंट उघडण्याचा क्षण. इग्निशन चालू असेल, तर अँपिअर मीटरचा काटाही त्याच वेळी डिसचार्जकडून मध्यावर येतो. प्लगचं भोक तिरकं, त्यामुळे आत घातलेला स्पोक थोडं फसवतो. म्हणून शेवटची परीक्षा कानाची.

काटा मध्यावर आणला, डिकॉम्प्रेसर दाबून किक जराशी पुढे नेली, सोडली आणि पूर्ण किक मारली. दुसऱ्या किकला सुरू! फोन सायलेन्सरजवळ धरला. बाबा बराच वेळ गप्प.

"जरा लेट आहे. केसभर पुढे घे."

घेतलं. तिकडून फक्त "हां..." आलं. सव्वादोन तास झाले होते. इतकं आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

पुढच्या रविवारी फोन त्यांनीच केला. "पॉइंटच्या कॅमला ग्रीस लावलंस का? नाहीतर पॉइंट झिजतो, गॅप कमी होतो, टायमिंग परत मागे येतं."

जेवलास का, हे विचारायचं ते विसरलेच.